रोप लावले, पुढे काय?

जून महिना उजाडला, की शाळांमधून, कार्यालयांमधून आणि निवासी वसाहतींमधून वृक्षारोपणाची लगबग सुरू होते. १९७३ पासून ५ जून हा दिवस जागतिक पर्यावरण दिन म्हणून पाळला जातो. खड्डे आदल्या दिवशीच खणून ठेवलेले असतात, मुलांच्या हाती रोपे दिली जातात, टाळ्या होतात, छायाचित्रे निघतात. हेतू चांगलाच असतो. मात्र त्यानंतर काय होते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

मला तो प्रश्न माझ्या मुलीने विचारला. बदलीच्या नोकरीत आम्ही एका वसाहतीत राहत असताना, सहा वर्षांच्या तिने अशाच एका कार्यक्रमात करंजाचे रोप लावले होते. पुढे एप्रिलमध्ये सहज फिरत आम्ही त्या जागी गेलो, तर तेथे एक वाळलेली काटकी तेवढी उभी होती. ती क्षणभर थांबून म्हणाली, “बाबा, याला पाणी कोण घालणार होतं?” उत्तर देण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते. त्या दिवशी तिला निसर्गाचा एक धडा मिळाला खरा. पण तो आम्हांला अभिप्रेत असलेला नव्हता. झाड लावणे हा एक समारंभ असतो, एवढेच तिला त्यातून कळले असणार.

पर्यावरणाचे शिक्षण आपल्याकडे दुर्लक्षित राहिले आहे, असे म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये या शिक्षणाचा आग्रह धरला आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा आदेश दिले. त्यामुळे विषय अभ्यासक्रमात आला, पाठ्यपुस्तकात आला आणि ओघानेच प्रश्नपत्रिकेतही आला. आज इयत्ता तिसरीचे मूल प्रदूषणाचे प्रकार घडाघडा सांगते. पण खिडकीबाहेरच्या झाडाचे नाव विचारले, तर आईकडे पाहते. हा दोष मुलाचा नाही. लहान वयात ज्ञान कानांवाटे कमी आणि हातांवाटे अधिक येते, हे आपण विसरलो आहोत.

हे ज्यांनी ओळखले, त्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावे आदराने घ्यावी लागतात. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभले आणि १९५७ मध्ये ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. खेड्यातील आणि आदिवासी पाड्यांवरील बालवाडीला महागडी शैक्षणिक साधने परवडणारी नव्हती. तेव्हा पाने, फुले, बिया, शंख-शिंपले आणि खडे हीच त्यांची साधने झाली. बियांनी मोजायचे, पानांवरून आकार ओळखायचे. जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली. पर्यावरण हा वेगळा विषय तेथे शिकवावा लागला नाही. शिक्षणच त्या परिसरातून घडत होते.

“आम्ही शहरात राहतो, तिसऱ्या मजल्यावर, तेथे कुरण कोठून आणणार?” असे कोणी विचारील. त्यासाठी कुरणाची आवश्यकता नाही. सज्जात कढीपत्त्याची किंवा लिंबाची एक कुंडी असली, तरी पुरे. त्यावर फुलपाखरू येऊन अंडी घालते. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी होता होता हिरवी होते. तिला काडीने हळूच स्पर्श केला, तर डोक्यामागून शिंगांसारखा तांबूस अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. मग कोष आणि काही दिवसांनी फुलपाखरू! आईला आमटीसाठी पाने हवी असतात आणि अळीलाही ती हवी असतात. या तंट्याचा निवाडा मुलाकडे सोपवून पाहा. संरक्षण म्हणजे काय, हे त्याला दहा घोषणांपेक्षा अधिक कळेल.

बहाव्याच्या शेंगेतील बिया अशाच पेरल्या, तर पुष्कळदा उगवत नाहीत, कारण त्यांचे कवच टणक असते. त्यांतील काही खरखरीत दगडावर घासून पेराव्यात, काही तशाच पेराव्यात आणि दोन्ही कुंड्यांची नोंद मुलाने ठेवावी. गळक्या नळाखाली लीटरचे भांडे ठेवून ते किती वेळात भरते, हे घड्याळ लावून पाहावे. वीस मिनिटांत भरले, तर दिवसाकाठी ७२ लीटर पाणी वाया जाते, हा हिशेब मुलाने स्वतः मांडला, की नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलावण्याचा तगादा तेच लावते!

या उपक्रमांत दोन पथ्ये मात्र पाळावीत. पहिले म्हणजे, गोळा करायचे ते गळून पडलेले. घरटी आणि अंडी यांना हात लावायचा नाही. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे आहे. उपक्रम थोडे असावेत, पण ते दीर्घकाळ चालावेत. केरळमधील अनेक शाळांतील मुले ‘सीझनवॉच’ या उपक्रमात एखादे झाड निवडतात आणि त्याच झाडाला पालवी, फुले, फळे कधी येतात, याची आठवड्याला नोंद करतात. विषूच्या सणाला लागणारा बहावा नेमका केव्हा फुलला, हे त्यांना कोणाला विचारावे लागत नाही. एकाच झाडाकडे वर्षभर पाहणारे मूल त्या झाडावर कुऱ्हाड पडताना स्वस्थ बसणार नाही, असा माझा विश्वास आहे.

आपण बँकेशी जोडलेली माणसे आहोत. एकदाच मोठी रक्कम भरून पुढे विसरून जाणारा आणि दरमहा ठरल्या दिवशी थोडी थोडी रक्कम आवर्ती ठेवीत भरणारा, या दोघांत बचतीची सवय कोणाला लागते, हे आपणांस सांगायला नको. निसर्गप्रेमाचेही तसेच आहे. वर्षातून एक दिवस शंभर रोपे लावण्यापेक्षा एका मुलाने एक रोप तीन उन्हाळे जगवणे अधिक मोलाचे आहे. ते रोप मेलेच, तर का मेले, हे त्याच्यासोबत बसून शोधणे, हाही शिक्षणाचाच भाग आहे.

म्हणून एक विनंती. पुढील ५ जूनला आपल्या शाखेत, शाळेत वा वसाहतीत मुलांच्या हाती रोप देण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि मे महिन्यापर्यंत त्याला पाणी कोण घालणार, त्यांची नावे आधी लिहून घ्यावीत. नावे जितकी मिळतील, तितकीच रोपे लावावीत. छायाचित्र पुढच्या वर्षी काढले, तरी चालेल.