पंखा बंद करा!

आमच्या सौभाग्यवतींना जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा "चाळिशी आली आता!" असे म्हणून मी पुन्हा वर्तमानपत्रात डोके घातले. एका डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि टॉनिक लिहून दिले. माझेच म्हणणे खरे ठरले, याचा मला आनंदच झाला!

पुढे मेहुण्यांच्या आग्रहास्तव नगरातल्याच एका वृद्ध डॉक्टरांकडे गेलो. मी हिची हकीकत रंगवून सांगू लागलो, तोच ते म्हणाले, "सर, तास संपला!" मग त्यांनी पंखा बंद केला, रस्त्याकडची खिडकी लावली. हिला डाव्या कुशीवर निजवून श्वास सोडून रोखायला सांगितला आणि नळीची वाटी अगदी अलगद टेकवली. पुन्हा एकदा तसेच. मग विचारले, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?"

आला होता. त्या तापाने हृदयाची एक झडप आकसली होती. पुण्याच्या तपासणीतही तेच निघाले.

डॉक्टरांनी मला समजावले, "हृदयाचे आवाज बहुतेक सेकंदाला वीस ते दीडशे कंपनांचे. श्वासाचे शंभराच्या आसपास सुरू होऊन पुष्कळ वर जातात. दोन्ही एकमेकांत मिसळतात. श्वास गाळायला जावे, तर थोडे हृदयही गाळले जाते. म्हणून श्वासच थांबवायचा. ही घरघर तर फार खालच्या पट्टीतली. वाटी दाबली की खालची कातडी पडद्यासारखी ताणते आणि नेमकी तीच हरवते."

१८१६ साली पॅरिसच्या लेनेक यांनी कागदाच्या सुरळीतून हृदय ऐकले. २०२० च्या साथीत मुंबईच्या आय.आय.टी.तील मंडळींनी अंतरावरून छाती ऐकता येईल असा स्टेथोस्कोप केला. काही यंत्रांना तर दुसरा कान असतो; त्याने टिपलेला खोलीतला गोंगाट छातीच्या आवाजातून वजा करतात. पण गोंगाट रुग्णाच्या नवऱ्याचाच असेल, तर?

आमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्यातला अनाहत नाद, म्हणजे आघातावाचून हृदयात उमटणारा नाद, मी वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो. घरातल्या हृदयाचा आवाज मात्र ऐकला तो परक्या माणसाने.

मांडीच्या शिरेतून नळी नेऊन फुग्याने झडप मोकळी केली. आता ही जिना चढते. संध्याकाळी ती काही सांगू लागली, की मी उठून पंखा बंद करतो.

"अहो, उकडतंय! लावा तो!" ती म्हणते.

तेही मी पहिल्याच वेळी ऐकतो.