कोऱ्या आकाशाचे सौंदर्यशास्त्र

लढाऊ विमानाचे छायाचित्र केवळ छायाचित्र म्हणून पाहावे, त्यात युद्ध आणि राजकारण शोधू नये, असा युक्तिवाद हवाई प्रदर्शनांतील छायाचित्रणाच्या बाजूने हमखास केला जातो. मराठी समीक्षेला हा सूर नवा नाही. कलावाद-जीवनवादाच्या वादात आपण तो पुरेसा ऐकला आहे. कलेच्या स्वायत्ततेचा सिद्धान्त क्षुल्लक नव्हे. पण तो जिला लावायचा ती कृती मुळात स्वायत्त आहे का, हे आधी तपासायला नको का?

बंगळूरच्या येलहंका तळावर १९९६ पासून भरणारे ‘एरो इंडिया’ घ्या. हा हवाई दलाचा तळ. अशा ठिकाणी एरवी छायाचित्रणाला मनाई असते. त्यामागे शासकीय गुपितांचा १९२३चा कायदा उभा असतो. प्रदर्शनात मात्र त्याच कॅमेऱ्याचे स्वागत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे एफ-३५ आणि रशियाचे सुखोई-५७ येथे एकाच वेळी आले होते. पाच दिवसांपैकी पहिले तीन व्यवहाराचे, उरलेले दोन सर्वसामान्यांचे. म्हणजे आधी बाजार, मग जत्रा. विमान किती अंतरावरून जाईल, कोठे वळेल, पोट केव्हा दाखवील, हे सारे आधीच बसवलेले असते. ज्या चौकटीला छायाचित्रकार आपली मानतो, तिची निम्मी आखणी विक्रेत्याने केलेली असते. तरीही ही चौकट स्वायत्त म्हणायची?

या छायाचित्रांत कसब नाही असे कोण म्हणेल? ‘सारंग’ पथकाची हेलिकॉप्टरे अतिवेगवान शटरने टिपली तर पाती थिजलेली दिसतात, विमान हवेत टांगल्यासारखे वाटते. म्हणून जाणकार शटरचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. तीव्र वळणावर पंखांवरचा दाब उतरून बाष्पाचा पांढरा पदर उमटतो, तो क्षण पकडायला तपश्चर्या लागते. मर्ढेकरांचे संवाद, विरोध, समतोल येथे सहज दाखवता येतील. पण पात्यांच्या गतीविषयी इतकी सत्यनिष्ठा बाळगणाऱ्या कलेने विमानाच्या प्रयोजनाविषयी मौन पाळावे, हे काही सौंदर्यतत्त्व नव्हे. ती सोय आहे. मारिनेत्तीच्या युद्धस्तुतीचा समाचार घेताना वाल्टर बेंजामिनने १९३६ मध्ये राजकारणाच्या सौंदर्यीकरणाचा जो धोका सांगितला, तो आपण वर्गात शिकवतो आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत विसरतो.

या सौंदर्याला कोरे आकाश लागते. जमीन चौकटीत आली की ते डागाळते. पण जमीन येतेच. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी येलहंक्यात सरावादरम्यान ‘सूर्यकिरण’ची दोन विमाने आदळली आणि एक वैमानिक गेला. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर विमाने पाहायला लोटलेल्या गर्दीतल्या पाच जणांचा मृत्यू झाला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईत कसरती करताना ‘तेजस’ कोसळले, वैमानिक वाचला नाही. ही माणसे त्या दिवसांच्या ‘उत्तम’ छायाचित्रांत कोठे आहेत?

छायाचित्रे काढूच नयेत, असा याचा अर्थ नाही. जमिनीवर उभ्या विमानापुढे मांडलेली क्षेपणास्त्रे, किंमत विचारणारे पाहुणे, उन्हात ताटकळणारी मुले हीसुद्धा टिपावीत. ती वगळायची असतील तर खुशाल वगळावीत. मात्र त्या वगळण्याला शुद्ध कला म्हणू नये, आणि आपण समीक्षकांनी तरी तिला तसे प्रमाणपत्र देऊ नये.