गाडीलाही वारा लागतो!

मैत्रिणींनो, घरातली दुचाकी म्हणजे 'ह्यां'चे खाते, असे म्हणून आता चालायचे नाही. आपल्यापैकी कितीतरी जणी स्वतःच गाडी चालवतात, मग तिचे दुखलेखुपलेही आपल्याला कळायला हवे.

गेल्या मे महिन्यात भाचीच्या मोटरसायकलवर मागे बसून मी लक्ष्मी रस्त्याने येत होते. गर्दी अशी, की अर्धा तास नुसते मुंगीचे पाऊल! गाडी ओढेना, इंजिन खटखटू लागले, जळका वास सुटला. कडेला घेतल्यावर भाची बाटलीतले पाणी इंजिनावर ओतायला निघाली. मी तिचा हातच धरला. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओततो का आपण? इंजिनाचा धातूही तसाच एकाएकी आकसून तडकू शकतो.

असे का होते? साध्या मोटरसायकलचे इंजिन वाऱ्याने गार होते. त्याच्यावरच्या पातळ पट्ट्यांतून वारा खेळला की उष्णता निघून जाते. गाडी रांगू लागली की वारा बंद! स्कूटरला आत पंखा असतो, म्हणून तिचे थोडे निभावते.

तर एवढे करा. सिग्नलला बराच वेळ थांबायचे असेल तर इंजिन बंद करा. अर्धवट क्लच दाबून गाडी रेटू नका. पट्ट्यांत बसलेला चिखल गाडी गार असताना धुवा. ऑइलची पातळी अधूनमधून पाहा, ऑइल कमी झाले की इंजिन लवकर तापते. आणि तापलेच, तर सावलीत अर्धा तास उभी ठेवा. रेडिएटर असलेल्या गाडीचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नका, उकळते पाणी अंगावर उडते.

त्या दिवशी बाटलीतले पाणी कामी आले ते माझ्याच पायाला. घाईने उजवीकडून उतरले आणि सायलेन्सरचा पोटरीला चटका बसला! शेजारच्या दुकानातल्या बाई टूथपेस्ट घेऊन धावल्या. मी म्हटले, "नको हो, नळ कुठे आहे तेवढे दाखवा." भाजल्यावर वीस मिनिटे वाहते साधे पाणी, हाच पहिला उपचार. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ काही नको. फोड फोडू नका, मोठा असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, बहुतेक मोटरसायकलींना सायलेन्सर उजवीकडे असतो. मुलांना डावीकडूनच उतरायची सवय लावा. माझ्या पोटरीवरचा डाग बघून घरातली पोरे आता आपणहून डावीकडे वळतात!