आय सेव्हन खरा, पण कितव्या पिढीचा?

मुलीला बी. एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळालेला असतो. कॉलेजने लॅपटॉप लागेल असे सांगितलेले असते. वडील तिला घेऊन दुकानात येतात आणि काउंटरमागचा मुलगा पुसून चकचकीत केलेला एक 'रिफर्बिश्ड' लॅपटॉप पुढे सरकवतो. "काका, हा आय सेव्हन आहे. तो शेजारचा नवा नुसता आय थ्री, आणि वर दहा हजारांनी महाग." तीनपेक्षा सात मोठे, हिशेब सरळ. वडील सातावर बोट ठेवतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या दुकानापर्यंत प्रवेशाच्या दिवसांत असे सौदे होत असतात. गंमत अशी, की दुकानदार खोटे बोललेला नसतो. तो आय सेव्हनच असतो, फक्त २०१५ सालचा असतो.

आय ३, आय ५, आय ७ ही इंटेल कंपनीने प्रोसेसरना दिलेली वर्गातली क्रमवारी आहे. ती त्या त्या वर्गापुरतीच खरी. पाचवीत पहिला आलेला मुलगा आणि दहावीत जेमतेम पास झालेला मुलगा, यांना एकच गणित घातले तर कोणाला सुटेल? प्रोसेसरच्या बाबतीत हा वर्ग म्हणजे त्याची पिढी, म्हणजेच जनरेशन. ती त्या मोठ्या सातावर लिहिलेली नसते. त्याच्यापुढच्या बारीक आकड्यात असते.

पूर्ण क्रमांक असा दिसतो : आय ७-६६००यू. आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा सहा, म्हणून ही सहावी पिढी. त्यात काम करणारे गाभे, म्हणजे कोअर, दोनच आहेत. शेजारचा 'नुसता' आय थ्री असतो आय ३-१२१५यू. ही बारावी पिढी, २०२२ च्या सुरुवातीची, आणि त्यात दोन मोठे व चार छोटे असे सहा गाभे. तोच त्या आय सेव्हनला कितीतरी मागे टाकतो. इथे एक फसगत होते. १२१५ मधला पहिला आकडा एक पाहून काही जण ती पहिली पिढी समजतात. म्हणून आडव्या रेघेनंतरचा क्रमांक एकने सुरू होत असेल तर पहिले दोन आकडे वाचायचे : १०३५जी१ आणि १०२१०यू हे दोन्ही दहावे, ११३५जी७ अकरावा. इतर वेळी पहिला एकच आकडा वाचायचा.

शेवटचे अक्षरही वाचावे. यू म्हणजे कमी वीज खाणारा, बॅटरी पुरवून वापरणारा. एच म्हणजे जास्त ताकदीचा, पण जास्त तापणारा आणि चार्जरला चिकटून बसणारा. वसतिगृहात राहून टिपणे काढणाऱ्या, व्हिडिओ पाहणाऱ्या मुलीला एच कशाला हवा?

पिढ्यांमधला फरक दरवर्षी सारखा नसतो. कधी नुसते नाव बदलते, कधी मोठी उडी असते. २०१७ मध्ये आलेला आठव्या पिढीचा आय ५-८२५०यू चार गाभ्यांचा होता. त्याच्या आधीच्या पिढीचा आय ७-७५००यू दोनच गाभ्यांचा. एका वर्षात पाचाने साताला गाठून मागे टाकले. जुना लॅपटॉप घेणाऱ्याने ही आठव्या पिढीची रेघ लक्षात ठेवावी, कारण मायक्रोसॉफ्टनेही तिथेच रेघ ओढली आहे. थोडे अपवाद सोडले तर विंडोज ११ साठी इंटेलची आठवी किंवा त्यानंतरची पिढी लागते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रावरही अटी चुकवून विंडोज ११ बसवता येते, त्यामुळे 'बघा, अकरा चालतेय की' हा पुरावा नव्हे. अशा यंत्राला पुढचे सुरक्षा अपडेट मिळतीलच, याची हमी कंपनी देत नाही. त्याच यंत्रावरून मुलीची फी भरली जाणार असते आणि वडिलांचे बँक खाते उघडले जाणार असते.

जुना लॅपटॉप घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. आठव्या-दहाव्या पिढीचा, एसएसडी आणि आठ जीबी रॅम असलेला, कार्यालयातून निघालेला आय फाइव्ह विद्यार्थ्याला चांगली साथ देतो. बॅटरी मात्र तपासून घ्यावी.

एएमडीच्या रायझनची तऱ्हा आणखी वेगळी. २०२३ च्या लॅपटॉपसाठी या कंपनीने अशी पद्धत काढली, की पहिला आकडा विक्रीचे वर्ष सांगतो आणि तिसरा आकडा आतली रचना. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू भावंडे वाटतात. पहिल्यात २०१९ ची झेन २ रचना आहे, दुसऱ्यात २०२० ची झेन ३. ७६४०यू मध्ये झेन ४. म्हणजे सातच्या मालिकेतला 'नवा' लॅपटॉप आतून चार वर्षे जुना असू शकतो. त्याआधीच्या मालिकेतही ५५००यू झेन २ आणि ५६००यू झेन ३ असा घोळ होताच. इंटेलने २०२३ च्या अखेरीस 'आय' काढून टाकला आणि 'कोअर अल्ट्रा' आणला. पण अल्ट्रा हा शब्द नसलेला कोअर ५ १२०यू हा जवळपास तेराव्या पिढीचाच, नव्या नावाचा. एएमडीने २०२४ मध्ये पुन्हा नावे बदलली. इतक्या वेळा नावे बदलण्यात ग्राहकाची सोय कोणती, हे कंपन्यांनीच सांगावे. जुना माल नव्या नावाने खपतो, ही सोय तर दिसतेच आहे.

औषधांच्या बाबतीत हा खेळ आपण चालू दिला नाही. गोळ्यांच्या पाकिटावर मूळ औषधाचे नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात हवे, असा नियम २०१८ पासून आहे. उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीखही लागते. पाच रुपयांच्या गोळीला जे लागते ते चाळीस हजारांच्या यंत्राला का नको? खोक्यावर प्रोसेसर कोणत्या वर्षी बाजारात आला आणि त्याची रचना कोणत्या वर्षाची आहे, या दोनच ओळी ठळक छापल्या तरी दुकानातला निम्मा गोंधळ मिटेल. त्या सक्तीने छापून घ्यायला हव्यात. आपणहून कोणी छापणार नाही.

तोवर दुकानात लॅपटॉप सुरू करून सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट असे उघडावे. तिथे प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक दिसतो. इंटेलचा असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकावा. कोणत्या वर्षी, कोणत्या तिमाहीत तो बाजारात आला ते तिथे लिहिलेले असते. मोबाइलवर दोन मिनिटांचे काम आहे आणि दुकानदाराला त्याचा राग यायचे कारण नाही. तोच क्रमांक बिलावरही लिहून घ्यावा. नुसते 'आय सेव्हन लॅपटॉप' एवढेच लिहिलेले बिल घेऊन उद्या ग्राहक आयोगाकडे गेले, तर दुकानदार म्हणेल, लिहिले तेच दिले.