इस्रायल शिकवायचे कोठून?

मराठीत इस्रायलचा विषय निघाला की गाडी ठिबक सिंचन आणि मोसाद या दोन स्थानकांपुढे सहसा जात नाही. वर्गात फार तर १९४८, १९६७ आणि १९७३ च्या युद्धांची भर पडते. त्या समाजाचे स्वतःशी चाललेले भांडण मात्र या मांडणीत हरवते, अशी आमची तक्रार आहे.

आमच्या मते आरंभ एस. यिझहार यांच्या 'खिरबेत खिझे' या १९४९ च्या कथेने करावा. अरब खेडे रिकामे करणाऱ्या सैनिकाची टोचणी तीत आहे; आणि लेखक होता सत्ताधारी पक्षाचाच संसद-सदस्य! मग अंतोन शम्मास या अरब लेखकाने हिब्रूत लिहिलेली 'अराबेस्क' (१९८६) वाचावी. २०१८ च्या कायद्याने अरबीचा राजभाषेचा दर्जा का काढला, याची चर्चा त्यानंतर करावी. ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला आणि गाझाचा विध्वंस यांनंतर प्रत्येकाकडे आधी बाजू मागितली जाते, तेव्हा तर हे वाचन अधिकच निकडीचे. अनुवादातून वाचावे लागेल, हे खरे. रशियन कादंबऱ्या तरी आपण दुसऱ्या कशा वाचल्या?

शिवाय मराठी वर्गाला घरचाच दाखला आहे. कोकणातून गेलेल्या बेने इस्रायलींच्या विवाहांपूर्वी त्यांची वंशावळ तपासावी, असा आदेश १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी काढला. निदर्शने झाली, १९६४ मध्ये संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. 'ज्यू कोण?' हा तिथल्या राजकारणाच्या गाभ्याचा प्रश्न मराठी बोलणाऱ्या घरांनी असा सोसला आहे. त्यांच्या आठवणी टिपायला हिब्रू येण्याचीही गरज नाही.