उंची मिळते, रिंगखालचा खेळ शिकावा लागतो

रमजान सुरू झाला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. ह्यूस्टन रॉकेट्सच्या जर्सीतला हकीम ओलाजुवान आणि खाली मजकूर, ‘हा खेळाडू रोजा ठेवून एनबीए खेळायचा.’ गोष्ट खरी आहे. 1995 साली रमजान फेब्रुवारीत आला होता. हकीम सामन्याच्या दिवशीही रोजा ठेवायचा आणि त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून एनबीएने त्याचीच निवड केली. फोटोखाली ‘माशाअल्लाह’ची रांग लागते, दोन-चार जण तो पुढे पाठवतात आणि विषय संपतो.

या वर्षी माझ्या भाच्याने त्या फोटोखाली काहीच लिहिलं नाही. इफ्तारनंतर त्याचा फोन आला. म्हणाला, “मामू, मी टीम सोडतोय.”

पोरगा एकोणीस वर्षांचा, सहा फूट चार इंच. कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये त्याला घेतलं ते उंची बघूनच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्यांची टीम मार खाऊन परत आली होती. लांबून मारणारी पोरं बरी होती, पण रिंगखाली यांचं काही चालत नव्हतं. रिबाऊंड समोरचे घ्यायचे, आत घुसून बास्केट समोरचे करायचे. सगळा राग निघाला याच्यावर. “एवढा उंच असून उपयोग काय तुझा?” असं सरांनी सगळ्यांसमोर सुनावलं. मी विचारलं, “सराव काय करून घेतात?” म्हणाला, “मला रिंगखाली हात वर करून उभं राहायला सांगतात.”

तीस वर्षांपूर्वी मलाही हेच सांगितलं होतं. मी त्याच्याहून दोन इंच कमी. त्यामुळे त्याचं दुखणं मला समजावून घ्यावं लागलं नाही. त्या रात्री मी त्याला हकीमचीच गोष्ट सांगितली, पण ग्रुपवर फिरते ती नव्हे. ही त्याच्या कॉलेजच्या दिवसांची आहे आणि तिचा शेवट जिंकण्यात होत नाही.

बास्केटबॉल न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. या खेळाचे ढोबळमानाने दोन भाग. एक लांबून बास्केट मारण्याचा, दुसरा रिंगखालचा. रिंगखालच्या खेळाला इनसाइड गेम म्हणतात. पाठीवर प्रतिस्पर्ध्याला झेलत जागा धरायची, आत आलेला पास पकडायचा, एका पायावर वळून बास्केट करायची. चुकलेल्या शॉटचा चेंडू समोरच्याला अडवून ताब्यात घ्यायचा. हे सगळं फाऊल न करता, कारण कॉलेजच्या खेळात पाच फाऊल झाले की बाहेर. आणि कुणी आपल्यावर फाऊल केला तर मिळालेला फ्री थ्रो शांतपणे आत टाकायचा. यात उंचीची मदत होते, पण यातली एकही गोष्ट उंचीबरोबर आपोआप येत नाही.

हकीमचा जन्म 1963 सालचा, नायजेरियातल्या लागोसचा. घर मुस्लिम, आईवडिलांचा सिमेंटचा व्यवसाय. लहानपणी तो फुटबॉल आणि हँडबॉल खेळायचा. बास्केटबॉल हातात आला तो वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास. 1980 साली तो ह्यूस्टन विद्यापीठात आला तेव्हा विमानतळावर त्याला घ्यायलाही कुणी गेलं नव्हतं, टॅक्सी करून ये म्हणून सांगितलं. पहिलं वर्ष त्याला सामने खेळवलेच नाहीत. पुढच्या मोसमात मैदानात उतरला तेव्हा सात फुटांच्या या पोराची सरासरी होती सामन्यामागे 8.3 गुण आणि 6.2 रिबाऊंड. फाऊल लवकर व्हायचे, मग बाकावर बसावं लागायचं. त्या वर्षी, म्हणजे 1982 साली, ह्यूस्टनची टीम राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि नॉर्थ कॅरोलायनाकडून 68-63 अशी हरली. त्या टीममध्ये जेम्स वर्दी होता आणि पहिल्या वर्षाचा मायकेल जॉर्डनही होता.

मग हकीमने काय केलं? सुट्टीत तो शहरातल्या फाँडे नावाच्या व्यायामशाळेत जाऊ लागला. प्रशिक्षक गाय लुईस यांनीच त्याला तिकडे पाठवलं होतं. तिथे मोझेस मलोन खेळायला यायचा. मलोन त्याच वर्षी एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता आणि रिंगखालच्या धक्काबुक्कीत त्याच्या तोडीचा माणूस त्या काळी सापडणं कठीण होतं. उंचीने तो हकीमपेक्षा कमीच. पण तो हकीमला ढकलायचा, जागेवरून हलवायचा, त्याच्या हातातले रिबाऊंड काढून घ्यायचा. हकीम रोज मार खाऊन घरी जायचा आणि परत यायचा. पुढे आयुष्यभर आपल्या खेळाचं श्रेय देताना त्याने मलोनचं नाव घेतलं. नंतरच्या मोसमात त्याची सरासरी झाली 13.9 गुण, 11.4 रिबाऊंड आणि सामन्यामागे पाच ब्लॉक. उंची मात्र होती तेवढीच होती.

1982-83 ची ह्यूस्टनची ती टीम आजही लोक आठवतात. क्लाइड ड्रेक्सलर, मायकेल यंग, हकीम, सगळे हवेत उडणारे. डंकवर इतका जोर की एका स्थानिक पत्रकाराने टीमला ‘फाय स्लामा जामा’ असं गमतीचं नाव दिलं आणि तेच चिकटलं. लागोपाठ 26 सामने जिंकून ही टीम देशात पहिल्या क्रमांकावर होती. 4 एप्रिल 1983 ला आल्बुकर्कीत अंतिम सामना झाला. समोर नॉर्थ कॅरोलायना स्टेट, दहा सामने हरून आलेली टीम. सामना एकतर्फी होणार असंच सगळे धरून चालले होते.

ह्यूस्टन हरलं, 54-52.

कसं हरलं, हे भाच्याला मी सावकाश सांगितलं. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक जिम व्हाल्व्हानो यांनी खेळाचा वेग मारला. उत्तरार्धात ह्यूस्टनने आघाडी घेतली, पण मग त्यांनीही खेळ संथ केला. त्या काळी कॉलेजच्या खेळात ठरावीक सेकंदांत शॉट मारायचं बंधन नव्हतं. शेवटी शेवटी व्हाल्व्हानोंच्या पोरांनी मुद्दाम फाऊल करायला सुरुवात केली. हिशेब सरळ होता, यांना फ्री थ्रो मारू द्या, हे चुकतील. आणि ते चुकले. अख्ख्या सामन्यात ह्यूस्टनने 19 पैकी 10 फ्री थ्रो आत टाकले. दोन गुणांनी हरलेल्या सामन्यात नऊ चुकले! मोकळी जागा, समोर कुणी नाही, पंधरा फुटांवरून शांतपणे मारायचा चेंडू.

शेवटची काही सेकंदं उरली होती, धावसंख्या 52-52. डेरेक व्हिटनबर्गने लांबून घाईत चेंडू फेकला. तो रिंगपर्यंत पोचणार नाही हे हकीमला दिसलं. पण आधीच हात लावला तर नियमभंग होईल, या शंकेने तो क्षणभर थांबला. तेवढ्यात शेजारच्या लोरेन्झो चार्ल्सने उडी मारून चेंडू हवेतच पकडला आणि रिंगमध्ये कोंबला. सामना संपला. डंकसाठी प्रसिद्ध असलेली टीम डंकवरच हरली, तीही स्वतःच्या रिंगखाली. त्या सामन्यात हकीमचे 20 गुण आणि 18 रिबाऊंड होते. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं. त्यानंतर हरलेल्या टीममधल्या कुणालाही तो मान मिळालेला नाही.

आता सांगा, इतकं करूनही ‘एवढा उंच असून उपयोग काय तुझा’ असं त्याला म्हणायचं का?

पुढच्या वर्षी ह्यूस्टन पुन्हा अंतिम फेरीत गेलं. ड्रेक्सलर एनबीएत गेला होता, त्यामुळे आतला सगळा भार हकीमवर. समोर पॅट्रिक युइंगची जॉर्जटाउन. उत्तरार्ध सुरू होतो न होतो तोच हकीमचा चौथा फाऊल झाला. पाचव्याची टांगती तलवार असताना मोकळेपणाने कोण खेळणार? युइंगने स्वतः फक्त दहाच गुण केले, पण पहिल्या वर्षाच्या रेजी विल्यम्सने 19 केले. जॉर्जटाउनकडे आत लढायला एकामागून एक माणसं होती. ह्यूस्टन 84-75 ने हरलं.

त्याच स्पर्धेतला उपांत्य सामना तर आणखी बोलका आहे. केंटकीकडे एक सोडून दोन मनोरे होते, सॅम बोवी सात फुटांच्या वर आणि मेल्विन टर्पिन त्याच्या खालोखाल. मध्यंतराला केंटकी जॉर्जटाउनच्या 29-22 ने पुढे. उत्तरार्धात केंटकीने 33 शॉट मारले आणि फक्त तीन आत गेले. सामना 53-40 ने गेला. उंचीवर सामने जिंकता आले असते तर त्या दिवशी केंटकी हरायला नको होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. रिंगखाली टीम कमी पडते तेव्हा ती एका पोराची कमतरता नसते. आत पास कोण देतो, तो वेळेवर येतो का, बाहेरचे खेळाडू जागा मोकळी ठेवतात का, दमलेल्या पोराला बदली आहे का, फ्री थ्रोचा सराव रोज होतो का, हे प्रश्न आधी विचारायला हवेत. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत स्पर्धेच्या दहा-पंधरा दिवस आधी टीम गोळा होते. सर्वांत उंच पोराला रिंगखाली उभं करतात आणि हरल्यावर त्याच्याच माथी मारतात. उंच पोराला पाय कसे टाकायचे ते कुणी शिकवत नाही. तो लहानपणापासून ऐकत आलेला असतो, ‘तुला काय, तुला सोपंय.’

‘सोपंय’वरून करीम अब्दुल-जब्बार आठवतो. कॉलेजात तो ल्यू अल्सिंडर या नावाने खेळायचा. त्याने पहिल्याच मोसमात 1967 चं विजेतेपद मिळवून दिलं आणि लगेच कॉलेजच्या खेळात डंकवर बंदी आली. ती 1976 पर्यंत टिकली. नियम याच्यामुळेच आला, असं तेव्हाही बोललं गेलं. उंच माणसाचं सर्वांत सोपं हत्यार काढून घेतलं. त्याने शाळेपासून घोटलेला हुक शॉट आणखी धारदार केला. डोक्यावरून एका हाताने सोडलेला तो चेंडू अडवणं पुढची वीस वर्षं एनबीएत भल्याभल्यांना जमलं नाही. त्याच्या 38,387 गुणांचा विक्रम 2023 पर्यंत कुणाला मोडता आला नाही. यात सोपं काय होतं?

आता आपल्या लोकांना थोडं बोलतो, राग मानू नका. आपण हकीमचा रोजा पुढे पाठवतो, करीमचं नाव बदलणं पुढे पाठवतो. त्यात मलाही आनंद आहे. पण आपण फक्त शेवटचा फोटो पाहतो. हकीम धर्माकडे नव्याने वळला तो व्यावसायिक खेळाडू झाल्यावर. त्याआधीची व्यायामशाळा, मलोनचे धक्के, चुकलेले फ्री थ्रो, लागोपाठ हरलेले दोन अंतिम सामने यांचा फोटो कुणी पाठवत नाही. मग आपल्या पोरांना वाटतं की मोठी माणसं बरकतीनेच मोठी झाली आणि आपल्यात ती नाही. घरात सहा फूट चार इंचांचा पोरगा असतो, त्याला बूट घेऊन देताना आपण दहा वेळा विचार करतो आणि ‘माशाअल्लाह’ लिहिताना एकदाही नाही.

गोष्ट संपल्यावर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामू, म्हणजे तो जिंकलाच नाही?” मी म्हटलं, “कॉलेजात नाही. जिंकला 1994 ला, एनबीएत. समोर तोच युइंग होता, न्यूयॉर्ककडून. सात सामने चालली ती मालिका.” विद्यापीठाचं म्हणशील तर ह्यूस्टनने 2025 मध्ये आणखी एक अंतिम सामना गमावला, 65-63. पुन्हा दोनच गुणांनी.

आमच्या गावच्या मैदानावर एक जुने खेळाडू संध्याकाळी येतात. वय पन्नाशीच्या पुढे, गुडघ्याला पट्टा, पण रिंगखाली त्यांना हलवणं आजही अवघड. ईदनंतर भाच्याला त्यांच्याकडे नेलं. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला कोपराने इतकं ढोसलं की पोराच्या बरगडीवर काळानिळा डाग पडला. बहिणीने मला फोनवर बरंच सुनावलं. भाचा मात्र दुसऱ्या दिवशीही गेला. आता तो रोज घरी जाण्याआधी पन्नास फ्री थ्रो मारतो आणि किती आत गेले ते मला रात्री कळवतो. काल एकतीस गेले.