विकणाऱ्याने आधी आपली ओळख सांगावी

खरीप जवळ आला की यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांचा नूर पालटतो. वर्षभर कापसाचे भाव, पावसाचा अंदाज, लग्नपत्रिका आणि निधनवार्ता यांसाठी चालणारे हे ग्रुप बियाण्यांच्या पाकिटांनी आणि औषधांच्या बाटल्यांनी भरून जातात. व्हिडिओत कोणी तरी वावरात उभा राहून सांगत असतो, ‘भाऊ, हे एकदा मारा आन् मंग पाहा पऱ्हाटी.’ मागे डोक्याएवढी हिरवीगार कपाशी. बोलणारा स्वतः शेतकरी आहे, कंपनीचा माणूस आहे की कृषी केंद्राचा मालक, हे शेवटपर्यंत कळत नाही.

जाहिरात करण्याला माझा विरोध नाही. ज्याने कष्टाने माल तयार केला त्याने तो सांगितलाच पाहिजे, आणि संकोच न करता सांगितला पाहिजे. उमरखेडकडच्या शेतकऱ्याची हळद, घाटंजीतल्या बचत गटाच्या शेवया आठवडी बाजारापलीकडे पुण्या-नागपूरच्या घरांत जाऊ शकतात त्या मोबाइलच्या जोरावरच. पण मी विकतो आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगायला हवे. ऑनलाइन जाहिरातीच्या रीतीभातीत मी याला सर्वांत वरचे स्थान देईन. आपल्या जिल्ह्यात तर हा जिवावर बेतणारा प्रश्न आहे.

२०१७चा पावसाळा आपण विसरू शकत नाही. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सरकारने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आणली. कारणे अनेक होती. पऱ्हाटी माणसाच्या उंचीची झाली होती, उकाडा होता, अंगावर संरक्षक कपडे नव्हते, दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारली जात होती. पण काय मारायचे आणि किती मारायचे, हा सल्ला बहुतेकांना दुकानाच्या काउंटरवरच मिळत होता, हेही तेव्हा ठळकपणे पुढे आले. काउंटरवर निदान समोरचा माणूस दुकानदार आहे एवढे तरी दिसत होते. रीलमध्ये तेही दिसत नाही. सल्ला आणि विक्री यांच्यातली रेघच पुसली जाते.

टॉनिकचे उदाहरण घ्या. पिकाची वाढ जोमाने व्हावी म्हणून विकल्या जाणाऱ्या या बाटल्यांना सरकारी भाषेत जैव-उत्तेजके म्हणतात. २०२१मध्ये केंद्राने त्यांना खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणले. त्याआधी त्यांच्यावर कसला धरबंधच नव्हता. जुलै २०२५मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सांगितले की, अशी सुमारे ३० हजार उत्पादने वर्षानुवर्षे तपासणीविना विकली जात होती आणि नियम कडक केल्यावर ती साडेसहाशेच्या आसपास उरली. म्हणजे कॅमेऱ्यापुढे ज्या बाटल्या हलवून दाखवल्या जात होत्या, त्यांतल्या बहुसंख्य बाटल्यांच्या परिणामाची कोणी खातरजमाच केलेली नव्हती. ज्या तरुणाने त्या दाखवल्या त्याला पैसे मिळाले असतील किंवा फुकट बाटल्या. पाहणाऱ्या शेतकऱ्याने मात्र तो व्हिडिओ शेजारच्या वावरातला अनुभव म्हणून पाहिला आणि उसनवारी करून बाटली आणली.

कायदा याबाबत गप्प नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि तिची शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केले तर ५० लाखांपर्यंत. जानेवारी २०२३मध्ये केंद्राने समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना काढल्या. पैसे, भेटवस्तू, फुकट माल, काहीही मिळाले असेल तर ते उघड सांगायचे, ठळक सांगायचे, आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत सांगायचे. वऱ्हाडीत बोलून खाली कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरे टाकली की काम झाले, असे समजणाऱ्यांनी ही शेवटची अट नीट वाचावी. व्हिडिओच्या सुरुवातीलाच देवनागरीत ‘जाहिरात’ लिहायला कितीसा वेळ लागतो?

आता ग्रुपांविषयी. गावचा ग्रुप कोणी तरी एका कामासाठी उभा केलेला असतो आणि लोक त्या कामाच्या भरवशावर आपला नंबर देतात. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवरून नंबर उचलून सगळ्यांना आपल्या नव्या दुकानाच्या ग्रुपमध्ये टाकणे, ही मला न विचारता घरात शिरण्याइतकीच आगाऊ गोष्ट वाटते. निधनवार्तेखाली श्रद्धांजलीचे संदेश येत असताना मध्येच सोलर पंपाची ऑफर टाकणे तर क्रूरच आहे. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी या बाबतीत बरी. तिच्यावरचा संदेश, ज्याने तुमचा नंबर जतन केला आहे त्यालाच पोचतो. म्हणजे आधी ओळख करावी लागते, परवानगी मिळवावी लागते. ग्रुपच्या अ‍ॅडमिननेही थोडे खंबीर व्हावे. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये स्पष्ट केले आहे. पण जाहिरातीसाठी आठवड्यातला एक वार ठरवून द्यायला आणि तो पाळायला लावायला त्याला कोण अडवते?

छोट्या उत्पादकांशी मला वेगळे बोलायचे आहे, कारण त्यांचे यश मला मनापासून हवे आहे. ताई, दादा, तुमच्या तिखटाचा फोटो टाकताना भाव आणि वजन लिहा. ‘भावासाठी इनबॉक्स करा’ म्हणू नका, त्याने गिऱ्हाईक बिचकते. खाद्यपदार्थांच्या नोंदणीचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर दिसू द्या. ‘सेंद्रिय’ हा शब्द जपून वापरा. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला सेंद्रिय प्रमाणपत्राच्या सक्तीतून सूट आहे, खरी गोष्ट. पण म्हणूनच त्याने काय फवारले आणि काय नाही, हे मोकळेपणाने लिहावे. ‘एकदा निंबोळी अर्क मारला, रासायनिक काही नाही’ एवढे साधे वाक्य दहा विशेषणांपेक्षा जास्त माल विकते. आणि दुसऱ्याच्या वावराचा फोटो आपला म्हणून टाकू नका. तालुक्यात लोक बांध ओळखतात.

सगळ्यात मोठी कसोटी मात्र तक्रार आल्यावर लागते. ग्रुपवर कोणी लिहिले, ‘भाऊ, तुमचं बियाणं उगवलंच नाही,’ तर विकणाऱ्याची पहिली धाव असते ती संदेश काढून टाकायला लावण्याकडे. त्याने उत्तर द्यायला हवे, तिथेच, सगळ्यांसमोर. आणि बियाणे विकणाऱ्याने जाहिरातीच्या पहिल्याच दिवशी आणखी एक ओळ लिहावी अशी माझी मागणी आहे: पक्की पावती घ्या; पावती, पिशवी, तिचा टॅग आणि मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा; उगवण झाली नाही तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करा. चोर बीटी, म्हणजे कपाशीचे बेकायदा बियाणे, विकणारा ही ओळ कधीच लिहू शकणार नाही, कारण त्याच्याकडे द्यायला पावतीच नसते.